मधला कप्पा

१

“आधी चहा तरी प्यायचा. आली ती थेट कोंबडीच्या घशात,” शेडच्या जाळीपलीकडे धाकटा पुटपुटला.

“हळू. ऐकतील,” वहिनी म्हणाली.

“ऐकू दे. कान चोचीत अडकलेत तिचे.”

ताईने ऐकलं आणि सोडून दिलं. ती या घरातली थोरली, दुसऱ्या गावी जनावरांची डॉक्टर. भावाची कुरकुर तिला जन्मापासून पाठ होती. हातातल्या कोंबडीच्या घशात मात्र जे होतं ते तिलाही सोडून देता येईना. जिभेच्या मुळाशी नासक्या दुधाच्या सायीसारखा पिवळट पापुद्रा बसला होता. चिमट्याने टोक उचललं तर खालून लालभडक मांस निघालं आणि असा वास आला की तिने मान फिरवली. गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वरून डबा खाणारी बाई ती, पण हा वास तिला गिळवेना.

तुऱ्यावर काळ्या खपल्यांचे झुबके होते. डोळे खपल्यांनी शिवल्यासारखे मिटलेले. शेजारची एक आंधळी झालेली कोंबडी खाद्याच्या भांड्यासमोर उभी राहून हवेत चोच मारत होती; अन्न वीतभर खाली आणि हिची उपासमार. तेवढ्यात तिसरीने येऊन तिच्या तुऱ्यावरची ओली खपली ओरबाडली आणि गिळली.

“देवी आल्यात,” ताई म्हणाली.

“ते दिसतंय. पण आपण टोचून घेतलं होतं ना,” धाकटा म्हणाला. “लस तूच पाठवलीस.”

“लस चांगली होती,” दारातून आईचा आवाज आला. “टोचणारा चांगला नव्हता. सुईमामाने पाणी टोचलं. कितीही जुना माणूस असला तरी शेवटी पोट सुटतंच.”

आई नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर उभी होती, पाय बुडवून आत यायच्या चुन्याच्या पाण्याच्या ट्रेपलीकडे. अख्ख्या बाजारात तिला ‘कोंबडीवाल्या बाई’ म्हणायचे. तिने ‘पाणी’ म्हटलं की बाजाराने पाणी म्हटलं. सुईमामाला तेव्हापासून एकाही शेडवर कुणी बोलावलं नव्हतं.

ताईने आजारी कोंबडी खाली ठेवली, दाराजवळच्या कप्प्यातली एक धडधाकट उचलली आणि तिचा पंख पसरला. पंखाच्या घडीत कातडीचा पातळ पडदा असतो, उजेडात धरला तर आरपार दिसणारा. लस तिथेच टोचतात. तिने पडदा चिमटीत धरला आणि थांबली.

“आई, पाण्याने गाठ उठत नाही,” ती म्हणाली. “हिला उठलीय.”

२

देवीची लस म्हणजे जिवंत रोगच, पण दात पाडलेला. दोन टोकांची सुई लशीत बुडवायची, पडद्यातून आरपार टोचायची. लस लागली तर आठवड्याभरात तिथे फोड येतो, खपली धरते, मग बारीक गाठ उरते. गाठ दिसली की समजायचं, ही कोंबडी वाचली. गाठ नाही, तर टोचणं वाया.

ताईने कप्प्यामागून कप्पा तपासला. विष्ठेने भरलेले पंजे तिच्या मनगटावर ओरखडे काढत होते, बाहीवर पांढरं-हिरवं काहीबाही सुकत होतं. मागच्या गटाराकडून डासांचे थवे येत होते. हा रोग एकीकडून दुसरीकडे नेतात ते तेच. दाराकडच्या प्रत्येक पंखात गाठ होती. मागच्या भिंतीकडच्या कप्प्यांत भोकाची खूण दिसे, गाठ एकीलाही नाही. आणि देवी होत्या त्या तिकडेच.

“सुटलं कोडं,” धाकट्याने हात झटकले. “दाराकडचं काम चहाआधीचं, मागचं चहानंतरचं. चहाआधी लस टोचली, चहानंतर पाणी. चहा पिऊन माणसाला अक्कल येते म्हणतात, ह्याला भलतीच आली.”

“मी काय म्हणत होते?” आई दारातून म्हणाली.

ताईने बर्फाचा डबा पुढे ओढला. येताना ती नवी लस घेऊनच आली होती. मागच्या कप्प्यांत अजून पुष्कळ कोंबड्या निरोगी होत्या. त्यांना आजच्या आज टोचलं तर वाचणार होत्या. उद्यावर गेलं तर त्यांचेही डोळे शिवले जाणार होते.

“एवढ्या पक्ष्यांना आजच्या आज टोचणारा हात एकच आहे,” ती म्हणाली.

“तो माणूस माझ्या शेडमध्ये पाय ठेवणार नाही.”

“मग तू टोच, आई.”

आईने तोंड फिरवलं आणि ती घरात गेली. धाकटा बूट पाहत राहिला, वहिनी भिंत. ताईने डबा सावलीत सरकवला आणि ती बाजाराकडे निघाली.

३

सुईमामा बाजारात कोंबडीच्या दुकानामागे सापडला. तो कोंबड्या सोलत होता. समोर टबात आतडी तरंगत होती, निळसर, गुळगुळीत, एकमेकांत गुंतलेली. पायाखालची फरशी चिकट होती. बूट उचलला की चप् आवाज यायचा.

“बस म्हणणार होतो,” तो म्हणाला, “पण बसशील कुठे? आयुष्यभर पक्षी जगवायला टोचले. आता हे. बाजाराचा न्याय आहे बाबा, चोर सोडून संन्याशाला फाशी.”

“मामा, त्या दिवशी काय काय झालं ते सांगा. बारीकसारीक.”

“सांगतो की. पाण्याने तोंड पोळलंय तरी सांगतो.” त्याने सुरी टबाच्या कडेला पुसली. “धाकटा पकडून आणायचा. तुझी वहिनी मांडीवर घेऊन पंख पसरून धरायची. मी सुई बुडवायची, टोचायची. माझी नजर सुईवर आणि बाटलीवर. नजर हलली तर आपल्याच बोटात जाते. मधल्या कप्प्यात पोरीला ओकारी आली. कोंबडी तिच्या मांडीवर मोकळी झाली, गरम गरम, पातळ. पोर ‘शी’ म्हणाली आणि भुशातच ओकली.”

“आणि आई?”

“बाई कडाडल्या. ‘या घरात तो शब्द नाही.’”

ताईला हसू आलं आणि लगेच गेलं. लहानपणी जेवताना कोंबड्यांच्या वासाला ती एकदा ‘शी’ म्हणाली होती. आईने समोरचं ताट उचलून नेलं होतं. ज्या कोंबड्यांनी पोसलं त्यांना नावं ठेवायची नाहीत, हा घरचा कायदा. वास येतो म्हणायचं नाही, घाण म्हणायचं नाही, नाक धरायचं नाही. उलटी आली तर गिळायची.

“मग पंख कुणी धरले?”

“बाईंनी. दुसरं होतंच कोण? मी म्हटलं, बाई, कधी नव्हे ते आत आलात. म्हणाल्या, टोचा गुपचूप. एप्रन चढवला, बसल्या. स्वच्छ काम हो त्यांचं. दर पक्ष्यामागे हात पुसायच्या. तो कप्पा संपवला, मग चहा झाला, मग मागचे कप्पेही त्यांनीच धरले.”

“चहा मधला कप्पा संपवून?” ताईने पुन्हा विचारलं. “नक्की?”

“नक्की. उरलेली कुपी पलीकडच्याने मागितली, त्याच्या पिल्लांना टोचून आलो. त्याला विचार पाणी होतं का. आणि आठवड्याने पंख उघडून बघा, असं बाईंना बजावलंही होतं. बघितलं म्हणाल्या, सगळं झकास.”

ताई उठली. “मामा, आज शेडवर चला. निरोगी आहेत तेवढ्या तरी वाचवू.”

त्याने टबातून एक काळीज काढलं, पित्ताची पिशवी अलगद वेगळी केली आणि फेकली.

“येईन. फाटकापर्यंत. बाजाराला ओरडून सांगितलं ना, मामाने पाणी टोचलं? आता ज्याच्यामुळे झालं त्याने माझ्यासमोर तोंडाने सांगायचं. तोवर सुई कापडातून बाहेर निघणार नाही. पक्षी मरोत, नाहीतर मी मरो.”

४

पलीकडचा म्हणजे शेजारचा पोल्ट्रीवाला. आईच्या धाकाने फाटकापासून दूर राहणारा गडी. त्याची पिल्लं टुणटुणीत होती. ताईने हाताला येईल त्या पिल्लाचा पंख उघडला. गाठ, गाठ, पुन्हा गाठ.

“हे त्याच कुपीतलं?”

“तळातलं,” तो म्हणाला. “मी कुणाला बोललो नाही हो. बाईंच्या शब्दावर शब्द कोण टाकणार? उद्या माझी अंडी सडकी ठरायची.”

म्हणजे एक माणूस आतडी उपसत होता, हा सगळं जाणून होता, आणि तोंड दाबून पिल्लांना खाद्य घालत होता. ताईला त्याच्या अंगणातलं पाणीसुद्धा प्यावंसं वाटलं नाही.

ती परत येऊन थेट मधल्या कप्प्यात शिरली. सकाळी तिने इथले दोनचार पंख पाहून सोडून दिले होते. आता भुशात गुडघे टेकून एकेक कोंबडी उचलायला लागली. पहिलीला गाठ. दुसरीला गाठ. तिसरीला नाही, ती डोळे चिकटलेली, नाकातून शेंबूड गळणारी. चौथीला गाठ. पाचवी कोपऱ्यात मरून पडली होती, अळ्या लागलेल्या, आणि इतर तिच्यावर उभ्या राहून निवांत पिसं साफ करत होत्या. ताईने तिचाही पंख उघडून पाहिला. गाठ नव्हती.

एकच कप्पा, आणि त्यातल्या काही वाचलेल्या, काही सडलेल्या.

ती भुशातच बसून राहिली. हा कप्पा चहाआधीचा. म्हणजे चहाने काही बिघडलं नव्हतं. पुढे त्याच लशीने पलीकडच्याची पिल्लं तगली, म्हणजे लस मेली नव्हती. सुई तीच, मामाही तोच. कप्प्याच्या मधोमध बदललं ते फक्त पंख धरणारं माणूस.

आधीच्या हाताखालच्या जगल्या. नंतरच्या हाताखालच्या मेल्या.

“ताई!” घरातून धाकट्याची हाक आली. “इकडे ये. हिच्या कपाटात काय सापडलंय बघ.”

५

स्वयंपाकघराच्या टेबलावर उकडलेली अंडी होती, पाव होता आणि मधोमध स्पिरिटची अर्धी रिकामी बाटली. धाकटा तिच्याकडे असा पाहत होता जसा पोलीस सुऱ्याकडे.

“हिच्या कपड्यांखाली,” तो बायकोकडे बोट करून म्हणाला. “लपवलेली. स्पिरिटने लस मरते ना? मरतेच. आता सांग. हिला पहिल्यापासून सोसत नाही शेडमधलं. पुसत बसली असेल प्रत्येक पंख. आणि बिचाऱ्या मामाच्या माथी.”

“आत्तापर्यंत तर मामा चोर होता,” ताई म्हणाली. “बिचारा कधी झाला?”

वहिनी ओट्याशी पाठ करून उभी होती. ती वळली नाही.

आई टेबलाच्या टोकाला बसली होती. समोर अंड्याची बशी सरकवलेली, तिने ती बोटाच्या नखाने आणखी लांब ढकलली. आई अंडं खात नाही. का खात नाही, हे घरात कधी कुणी विचारलं नव्हतं. पचत नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. चहाचा कप तिने रुमालात धरला होता. रुमालाबाहेरची बोटं कागदासारखी कोरडी, पांढरी, सांध्यांवर भेगाळलेली. साबण आणि स्पिरिटने धुऊन धुऊन असे हात झालेल्या नर्सेस ताईने पाहिल्या होत्या. पण आपल्या आईचे हात तिने कधी इतके नीट पाहिलेच नव्हते.

ती बाटली उचलून ओट्याशी गेली. नळ सोडला, म्हणजे टेबलापर्यंत आवाज जाणार नाही.

“कुठे मिळाली ही?”

“एप्रनच्या खिशात,” वहिनी हळू म्हणाली. “त्या दिवशी धुवायला काढला. बाटली होती आणि कापसाचे बोळे, मळलेले, पिसं चिकटलेले. खिसा गच्च भरला होता.”

“तुझ्या एप्रनच्या?”

वहिनीने मान हलवली आणि टेबलाच्या टोकाकडे पाहिलं.

“मग बोलली का नाहीस?”

“मी ओकले, ताई. तुमच्या भावासमोर, मामांसमोर. माझं सगळं जगजाहीर झालं. उद्या मी म्हटलं असतं की स्पिरिट माझं नाही, तर कुणी मानलं असतं? जी ओकली तिचीच बाटली. म्हणून दडवली.” तिने भांडं घासता घासता खाली ठेवलं. “ह्या घरात ओकणाऱ्याचं दिसतं. गिळणाऱ्याचं दिसत नाही.”

बाहेर फाटकाची कडी वाजली. सुईमामा आला होता, आणि बाजाराला साक्षीदार हवा म्हणून पलीकडच्याला बखोट धरून घेऊन आला होता.

६

मामा फाटकातून आत आला नाही. सुई कापडात गुंडाळून त्याच्या हातात होती. पलीकडचा त्याच्या मागे अर्धा लपला होता. ताईने शेडच्या दारात बर्फाचा डबा ठेवला आणि ती सगळ्यांच्या मधे उभी राहिली. आतून घरघर ऐकू येत होती. घशात पापुद्रा अडकलेल्या कोंबड्या मान ताणून श्वास ओढत होत्या.

“पाणी कुणी टोचलं नाही,” ती म्हणाली. “पाण्याने गाठ उठत नाही, आणि मामांच्या हातच्या अर्ध्या शेडला गाठ आहे. ह्यांच्या पिल्लांनाही आहे, आणि ती सगळ्यात शेवटी टोचलेली. हो की नाही हो?”

“आहे,” पलीकडचा जमिनीकडे बघत म्हणाला.

“मधल्या कप्प्यात काहींना गाठ आहे, काहींना नाही. त्या कप्प्यात लस बदलली नाही, सुई बदलली नाही. पंख धरणारा हात बदलला. दुसऱ्या हाताला स्पिरिट होतं. त्या हाताने पडदा ताणला, पडदा ओला झाला, आणि लस टोचताक्षणी मेली.”

धाकटा हिशेब करत होता. पहिला हात कुणाचा, दुसरा कुणाचा. हिशेब जुळला तसा त्याचा चेहरा उतरला. त्याने बायकोकडे पाहिलं, मग आईकडे, आणि मग पटकन डब्याकडे.

“बरं, कळलं ना काय झालं?” तो म्हणाला. “झालं तर मग. कुणाचा हात नि कुणाचं काय, त्यात कशाला शिरायचं? आपलेच दात नि आपलेच ओठ. मामा, तुमचं काही नव्हतं, संपलं. चला, टोचून घेऊ.”

मामा हलला नाही. “मला तुझ्याकडून ऐकायचं नाहीये.”

“मग माझं नाव घ्या,” वहिनी म्हणाली. आवाज थकलेला होता. “मी ओकले होतेच. बाटली माझ्या कपाटात निघालीच. घ्या आणि पक्षी वाचवा. मला आत त्यांचा श्वास ऐकवत नाही.”

“हां,” धाकटा चटकन म्हणाला. “हेच म्हणायचं. म्हणजे बघा—”

“गप रे,” ताई म्हणाली. स्वतःच्या भावाच्या तोंडाकडे तिला पाहवेना. बायकोला चुलीत घालून वर हात शेकणारा हा भाऊ तिने लहानपणी नाक पुसून वाढवला होता.

मग सगळे आईकडे पाहायला लागले, आणि लगेच पाहायचे थांबले. आईची उजवी मूठ मिटलेली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण ती ताईला लहानपणी शिकवायची. आत्ता त्या मुठीतून कापसाचं पांढरं टोक बाहेर आलं होतं.

“मामा,” आई म्हणाली. “मी हात पुसत होते. तेवढंच. तुमची चूक नव्हती.”

ताईला वाटलं, मामा एवढ्यावर भागवेल. त्याने कापडाची गाठ सोडायला घेतलीही. मग पुन्हा आवळली.

“तेवढंच नाही, बाई,” तो म्हणाला. “आजार मागच्या कप्प्यांत आला तेव्हाच तुम्हाला कळलं असणार, कुणी धरलेले पक्षी आहेत ते. तरी बाजारात माझं नाव घेतलंत. आठवड्याने पंख बघा सांगितलं, तर न बघता झकास म्हणालात. मी तुमच्या नवऱ्याच्या वेळेपासून इथे टोचतोय. तुम्ही कधी एक पिल्लू हातात घेतलेलं मी पाहिलं नाही. ते मीही कधी बोललो नाही. पण आतडी उपसतोय मी. एवढं काय होतं, ज्याच्यापायी माझी सुई बुडवलीत? ते ऐकायचंय.”

गटाराकडून डासांचा एक थवा आला आणि शेडच्या जाळीवर बसला. आत एका कोंबडीची घरघर वाढत गेली, आणि थांबली.

“आई,” ताई म्हणाली, अगदी हळू. “आज कुणी ताट उचलून नेणार नाही.”

आईने मूठ उघडली. कापूस चुन्याच्या पाण्यात पडला. मग ती त्या ट्रेमधून, चपलांसकट, आत गेली. जवळची एक आंधळी कोंबडी तिने दोन्ही उघड्या हातांनी उचलली. कोंबडी घाबरून तिच्या मनगटावर मोकळी झाली. आईचे ओठ आवळले गेले, गळ्याची शीर वर-खाली झाली. गिळत होती. या घरात आल्यापासून गिळत होती. कोंबडी तशीच छातीशी धरून ती दारात आली, सगळ्यांसमोर.

“शी,” ती म्हणाली.

धाकट्याने दचकून मान वर केली.

“शी वाटते मला ह्यांची. पहिल्या दिवसापासून. वासाची, पिसांची, पायांची, ह्यांच्या अंड्यांची. तुमच्या बाबांना कळलं असतं तर म्हणाले असते, कोंबडीवाल्याच्या घरात कशाला आलीस? म्हणून कळू दिलं नाही. लेकरांची ताटं उचलली, सुनेला दटावलं, आणि मामा, तुमच्या पोटावर पाय दिला. एवढ्यासाठी, की हा एक शब्द मला म्हणावा लागू नये.” तिने डोळे मिटलेल्या कोंबडीकडे पाहिलं. “शी.”